दातांच्या तारेची वेदना आणि घरगुती उपाय

वेडेवाकडे अथवा पुढे आलेले दात ही केवळ दिसण्याची बाब नव्हे. असे दात नीट घासता येत नाहीत, त्यांच्या फटींत अन्न अडकून कीड लागते आणि पुढे आलेले दात खेळताना पडल्यास चटकन तुटतात. तार बसवून असे दात ओळीत आणण्याचे उपचार एकेकाळी मोठ्या शहरांपुरतेच होते. आता लहान गावांतील विद्यार्थ्यांच्या दातांवरही तार दिसू लागली आहे.

हे उपचार साधारणतः दीड ते दोन वर्षे चालतात. पहिल्या आठवड्यात दात ठणकू लागले, की मूल जेवत नाही, तार काढून टाकण्याचा हट्ट धरते आणि पालकही घाबरून जातात. उपचार मध्येच सोडल्यास खर्च व श्रम वाया जातात आणि अर्धवट सरकलेले दात पुन्हा मूळ जागी परतू लागतात. यास्तव ही वेदना का होते व ती घरच्या घरी कशी सुसह्य करता येते, हे पालकांनी व शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

वेदनेचे कारण

दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ व हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेमुळे दातावर सतत हलका दाब पडतो. त्यामुळे एका बाजूचे तंतू चेपले जातात, तर दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. चेपलेल्या बाजूचे हाड हळूहळू झिजते व ताणलेल्या बाजूस नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात महिन्यास साधारणपणे १ मिलिमीटर सरकतो. या क्रियेच्या आरंभी तंतूंचा दाह होऊन प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये निर्माण होतात व त्यांमुळे दात दुखतो.

म्हणजेच हा ठणका उपचार चुकल्याचे लक्षण नसून दात सरकू लागल्याची ती खूण होय. तो तार बसविल्यानंतर काही तासांनी सुरू होतो, सुमारे २४ तासांनी सर्वाधिक जाणवतो, तिसऱ्या दिवसापासून उतरू लागतो आणि बहुधा आठवडाभरात थांबतो. पुढे चार ते सहा आठवड्यांनी तार आवळली, की दोन-तीन दिवस पुन्हा दात हुळहुळतात.

थंडावा व आहार

थंड पाण्याचे घोट घेणे हा सर्वांत सोपा उपाय होय. माठातील पाणी किंवा गार ताकही चालते. थंडाव्याने दाह कमी होतो. शिवाय निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या काही तारा थंडीने नरम पडून दाब तात्पुरता घटतो. बर्फ रुमालात गुंडाळून गालावर बाहेरून दहा मिनिटे धरावा. तो चावू मात्र नये.

पहिले चार-पाच दिवस मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, ज्वारीची आंबील, नाचणीचे सत्त्व, दुधात कुस्करलेली भाकरी, केळे असा आहार द्यावा. ऊस, चिक्की, फुटाणे, भाजलेले कणीस हे पदार्थ उपचार संपेपर्यंत वर्ज्य करावेत. त्यांनी दातावरील ब्रॅकेट निखळते व उपचार लांबतो. पेरू, गाजर यांच्या बारीक फोडी करून खाव्यात.

गाल व ओठ सोलल्यास

दातांच्या ठणक्याहून ही तक्रार वेगळी आहे. ब्रॅकेटच्या कडा घासून गाल व ओठ आतून सोलतात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. दंतवैद्याकडे यासाठी खास मेण मिळते. टोचणारी जागा स्वच्छ कापसाने कोरडी करून त्या मेणाची लहान गोळी तेथे दाबून बसवावी आणि जेवण्यापूर्वी व दात घासण्यापूर्वी काढावी. मेणबत्तीचे मेण वापरू नये.

काय टाळावे?

वेदना असह्य झाल्यास डॉक्टरांनी मुलाच्या वयानुसार व वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल देता येते. आयब्युप्रोफेनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन कमी करतात व दात सरकण्याचा वेग मंदावण्याचा संभव असतो. म्हणून ती सल्ल्यावाचून दिवसेंदिवस घेऊ नयेत. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. लवंगेचे तेल तसेच लावल्यास हिरडी भाजते. मिश्री तर कोणत्याही दुखण्यावरील औषध नव्हे; ती तंबाखूच होय.

दुखते म्हणून दात घासणे थांबविणे ही नेहमी होणारी चूक आहे. तारेभोवती अन्न साचून हिरड्या सुजतात व वेदना उलट वाढते. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण प्रत्येक जेवणानंतर दात घासावेत.

दंतवैद्याकडे केव्हा जावे?

ठणका आठवड्यानंतरही न उतरणे, चेहऱ्यावर सूज किंवा ताप येणे, ब्रॅकेट निखळणे, तारेचे टोक गालात रुतणे, यांपैकी काही आढळल्यास विलंब न लावता दंतवैद्यास दाखवावे. घरातील पकडीने तार तोडू नये. तुटलेला तुकडा घशात जाण्याचा धोका असतो. दात किंचित हलणे मात्र स्वाभाविक आहे.

शाळा व ग्रामपंचायत

तार नुकतीच बसविलेल्या विद्यार्थ्यास दोन-तीन दिवस मोठ्याने वाचन करण्यास सांगू नये, मध्यान्ह भोजनानंतर चूळ भरण्यास वेळ द्यावा व इतर मुले त्याची थट्टा करणार नाहीत याकडे शिक्षकांनी लक्ष पुरवावे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत या उपचारांचे स्वतंत्र विभाग आहेत, ही माहिती पंचायत सदस्यांनी गरजू पालकांपर्यंत पोहोचवावी. मुलाला दुखते म्हणून तार काढण्याच्या बेतात असलेल्या पालकांना आठवडाभर धीर धरण्यास सांगितले आणि वरील उपाय समजावून दिले, तरी पुष्कळशा मुलांचे उपचार अर्धवट राहणार नाहीत.