लष्करचा वाडा मोजायचा कसा?

‘शत्रूच्या गोटात’ असं आपण म्हणतो, तो गोट ग्वाल्हेरात अजून पत्त्यावर लिहितात. चिटनीस की गोठ, महाडिक की गोठ. हिंदीत ‘ट’चा ‘ठ’ झाला, एवढंच. साताऱ्यात रामाचा गोट आहे, तसाच हा. गोट म्हणजे छावणीतला एकेका सरदाराचा तळ. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून येऊन किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तंबू उठलेच नाहीत, त्यांच्या जागी भिंती आल्या. या गावाचं नावच लष्कर, शेजारी कंपू, पलीकडे शिंदे की छावनी. वाड्याचं ‘बाडा’ झालं आणि महाराज बाडा गावाचा मध्य ठरला.

हे सगळं आठवायचं कारण असं, की जुन्या पेठांमधली घरं मोजायला आता वास्तुरचनेचे पदव्युत्तर विद्यार्थी येतात. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासात हाउसिंग ही वेगळी शाखाच आहे. त्याच नावाच्या भोपाळच्या संस्थेत वास्तुजतन शिकवतात. टेप घेऊन मुलं दारात उभी राहिली तर त्यांना काय दाखवावं, ते इथे सांगायचं आहे. पुढेमागे वाडा पडला तर त्यांचे नकाशे तेवढे उरतील.

पहिली गोष्ट, वाडा मराठी असला तरी अंगावरचे कपडे इथलेच आहेत. आतली मांडणी आपली ओळखीची: दिंडी, देवडी, चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर, देवघर, मागे परस. पण पुण्याकडे जिथे सागवानी खांब आणि कौलं असतात, तिथे ग्वाल्हेरात वालुकाश्म येतो. दगडी झरोके, दगडी जाळ्या, आणि छताला दगडाच्या लांब फरशा, ज्यांना इथे पटिया म्हणतात. सपाट छत झालं म्हणजे उन्हाळ्याच्या रात्री खाटा वर. जिथे उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो, तिथे ही गच्ची म्हणजे घरातली सगळ्यात मोठी खोली, पण नकाशावर ती नुसता रिकामा चौकोन दिसते. आपल्याकडे घर किती खणांचं, असं विचारायची रीत. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. दगडी छतात ते काम पटिया करते. ती पेलेल तेवढीच खोली रुंद. म्हणून खोल्यांची रुंदी का जमते, हे कळायला आधी वर बघावं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. १९५१ च्या कायद्याने जहागिऱ्या गेल्या. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला. महालेखाकारांचं कार्यालय आणि महसूल मंडळ इथे राहिलं, त्यामुळे नोकरदार मराठी घरं टिकली. पण शंभर माणसांचा वाडा पोसणारं उत्पन्न संपलं. मग वाटण्या आल्या, भाडेकरू आले. १९६१ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने भाडेकरूला आधार मिळाला. भाडं मात्र जिथल्या तिथे राहिलं, आणि तेवढ्यात छताची एक पटिया बदलणंही मालकाला जड. दोघांनाही दोष देऊन उपयोग नाही.

हा बदल कागदावर नव्हे, भिंतीवर वाचता येतो. ओसरीच्या दोन खांबांमध्ये विटा भरलेल्या दिसल्या तर तिथे एक बिऱ्हाड वाढलं. चौकातून सरळ गच्चीवर जाणारा लोखंडी जिना म्हणजे भावांच्या वाटण्या. तुळशीवृंदावन एक आणि विजेचे मीटर सात! म्हणून मुलांना म्हणावं, नुसता मूळ वाडा काढू नका. मूळ वाडा, वाटणीनंतरचा वाडा आणि आजचा वाडा, असे तीन नकाशे एकावर एक ठेवा. चुली मोजा, दारं मोजा. ‘नंतरची भर’ म्हणून जे पुसून टाकाल, त्यातच गेल्या पाऊणशे वर्षांचं शहर आहे.

यातली तारीख देणारा पुरावा बहुधा घरातच असतो. वाटणीपत्र, घरपट्टीच्या पावत्या, चौकात काढलेला लग्नाचा फोटो. फोटोत नवरानवरीच्या मागची ओसरी उघडी आहे की बंद, ते बघावं. जुना कागद मोडीत असला तर रद्दीत घालण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्यावा.

युनेस्कोने २०११ मध्ये ऐतिहासिक नागरी परिसराबद्दल शिफारस केली. एकेकटी इमारत नव्हे, तर भोवतीची वस्ती आणि तिची राहणीही वारसाच, असा तिचा अर्थ. २०२० मध्ये ग्वाल्हेर आणि ओरछा या कामासाठी निवडले गेले. तेव्हा किल्ला आणि राजवाडे यादीत येणारच होते. गोठीतलं घर यायचं असेल तर त्याचा नकाशा हवा, आणि त्या नकाशावर ओसरीला ‘व्हरांडा’ न लिहिता ओसरीच लिहिलेलं हवं. मुलं आली तर चहा पाजून, हातात टॉर्च देऊन त्यांना आधी माजघरात न्या. तिथे अंधार असतो आणि मोजणारे बाहेरूनच परत जातात.