डोंगर चढायचा आहे? आधी रक्त तपासा!

मोबाईलवर सध्या रंगीत डोंगराचे व्हिडिओ फिरत असतात. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात विनिकुंका नावाचा डोंगर आहे. लाल, पिवळे, हिरवट, जांभळे पट्टे अंगभर. रंग कोणी दिलेला नाही. मातीतल्या लोखंडासारख्या खनिजांमुळे तो आलेला आहे. लोक सकाळी वाटाड्या घेऊन निघतात, डोंगर बघतात आणि संध्याकाळपर्यंत खाली येतात. असा व्हिडिओ पाहून आमच्या वस्तीतल्या मुलींनी विहारात विचारले, "आपल्याकडे असा डोंगर नाही का? आपण का जात नाही?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही एकोणीस जण गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस कळसूबाईला जाऊन आलो. रोलिंग मिलमध्ये काम करणारे दादा, धुणीभांडी करणाऱ्या ताई, कॉलेजच्या मुली, एक आशाताई आणि साठी ओलांडलेले दोन काका. आमच्यापैकी बहुतेकांनी त्याआधी डोंगर फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिला होता. तयारी कशी केली, कोणाला थांबवले, का थांबवले, हे इतर वस्त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून इथे सांगत आहोत.

आपला रंगीत डोंगर

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. आपले जालना सुमारे ५०० मीटरवर आहे. शिखर अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या हद्दीवर आहे. नेहमीची वाट बारी गावातून वर जाते. चढायला साधारण तीन ते चार तास, उतरायला अडीच-तीन तास लागतात. कठीण कड्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत.

पावसाळा सरता सरता हा डोंगर रंगतो. सोनकीच्या पिवळ्या फुलांनी उतार भरून जातात, मध्ये तेरड्याचा गुलाबी रंग दिसतो. कारवी दरवर्षी फुलत नाही, काही वर्षांनी एकदाच फुलते, आणि ते वर्ष साधले तर जांभळी रानेच्या राने दिसतात. खालचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखीचा लाव्हा. त्यात कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टाही दिसतो.

वरून प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण दिसते. प्रवरा पुढे गोदावरीला मिळते, ते पाणी जायकवाडीला येते आणि जायकवाडीतून पाइपलाइनने जालन्याला. आपण नळावर रांग लावून ज्या पाण्याचा हंडा भरतो, त्यातले थोडे पाणी या डोंगररांगेवर पडलेले असते. हे वर उभे राहून सांगितले तेव्हा मुलींनी वहीत लिहून घेतले.

शिखरावर कळसूबाईचे छोटे देऊळ आहे. आम्ही डोंगरासाठी गेलो होतो, देवदर्शनासाठी नाही. पण हा परिसर महादेव कोळी आदिवासींचा आहे, त्यांची श्रद्धा तिथे आहे. पाहुण्याने घरच्या माणसांचा मान राखावा, एवढे पुरे.

"हे आपले काम नाही" म्हणणाऱ्यांसाठी

सहल म्हटली की वस्तीत काही जण म्हणतात, डोंगर फिरणे हे पैसेवाल्यांचे चोचले. त्यांना आम्ही १९३४ सालची गोष्ट सांगतो. बाबासाहेब त्या वर्षी सुमारे तीस सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. म्हणजे सहलच होती ती. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. दारापाशी पाण्याचे टाके होते, प्रवासाने धूळ झालेली, म्हणून काहींनी तोंड-पाय धुतले. त्यावरून त्यांना अडवले गेले, शिवीगाळ झाली. शेवटी आत सोडले ते या अटीवर की किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि सोबत हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

आज बारीच्या वाटेवर आपल्याला कोणी शिपाई लावत नाही. हा हक्क फुकट मिळालेला नाही, तो वापरायला हवा.

आणि अंगात ताकद नसते म्हणावे, तर तेलंगणातली मालावत पूर्णा आठवा. शेतमजुराची आदिवासी मुलगी. समाजकल्याणच्या निवासी शाळेत शिकत असताना, तेरा वर्षांची असताना, २५ मे २०१४ रोजी ती एव्हरेस्टवर पोहोचली. तिच्यासोबत आनंद कुमार हा दलित मुलगाही होता. दोघांनी आधी काही महिने सराव केला होता. महत्त्वाचे तेच आहे, सराव.

दम का लागतो?

उंचावर हवा विरळ होते. श्वास तेवढाच घेतला तरी त्यातून प्राणवायू कमी मिळतो. विनिकुंका पाच हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवा समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ निम्मीच उरते. विरळ हवेचा आजार साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो. कळसूबाई त्याच्या बरीच खाली आहे.

म्हणजे कळसूबाईवर फार दम लागला तर दोष हवेला देऊ नका. सवय नाही, किंवा रक्त कमी आहे, किंवा हृदय, फुप्फुस, बीपी यांपैकी कशाची तरी तक्रार आहे. डोंगर शरीराची परीक्षाच घेतो. ती परीक्षा अर्ध्या वाटेवर होण्यापेक्षा आधी दवाखान्यात झालेली बरी.

आम्ही निघायच्या दोन महिने आधी सर्वांची तपासणी करून घेतली. बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली निघाले. राज्याचे चित्रही असेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती.

एका ताईंचे तर आठच्याही खाली होते. त्या म्हणाल्या, "दम मला रोजच लागतो. हंडा आणला की खाली बसावंच लागतं. बाईचा जन्म म्हटलं की चालायचंच." हे चालायचे नाही, ताई. रोजचा थकवा म्हणजे नशीब नव्हे, तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. त्यांना आम्ही सहलीला नेले नाही, सिव्हिल हॉस्पिटलला नेले. पाळीत रक्त जास्त जात होते, त्याचा इलाज सुरू झाला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आता त्या दोन हंडे न थांबता आणतात आणि यंदाच्या यादीत पहिले नाव त्यांचे आहे. आमच्या मते सगळ्या सहलीची कमाई हीच.

निघण्याआधी काय तपासावे

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. निदान सहा ते आठ आठवडे आधी जा.

• हिमोग्लोबिन: बायकांचे १२ च्या वर, पुरुषांचे १३ च्या वर असावे. कमी असल्यास डॉक्टर सांगतील तितके महिने लोहाच्या गोळ्या घ्या, मध्येच सोडू नका. गोळीने शौचाला काळे होते, घाबरू नका. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, लिंबू चालेल. जेवणात पालेभाजी, डाळी, अंडी, सुकट, काळीज.

• बीपी आणि शुगर: बीपी १४०/९० किंवा जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी चढू नये, खिशात साखर ठेवावी. पायाला जखम असेल तर थांबावे. आपल्या बाबासाहेबांनाही मधुमेहाने फार छळले होते, हे विसरू नका.

• खोकला: मिलमध्ये, भट्टीवर, धुळीत काम करणाऱ्यांनी छाती तपासून घ्यावी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासावी. दम्याचा पंप असेल तर तो सोबत हवाच.

• सिकलसेल: आपल्या समाजात, विशेषतः विदर्भाकडच्या सोयऱ्यांत, हा आजार आढळतो. आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय चढू नये. फक्त वाहक असणाऱ्यांनीही पाणी भरपूर प्यावे आणि धाप लागेपर्यंत ताण घेऊ नये.

• हृदयविकार झालेले, नुकते ऑपरेशन झालेले आणि गरोदर ताई यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये.

सहा आठवड्यांचा सराव

जालना सपाट आहे, म्हणून चढण शोधावी लागते. पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास भरभर चाला. मोती तलावाकडे जा किंवा वस्तीच्या रस्त्यानेच फेऱ्या मारा. चालताना बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले तर वेग कमी करा.

तिसऱ्या आठवड्यापासून जिना. तीन मजली इमारतीचा जिना आधी चार वेळा, मग आठ, मग बारा वेळा चढा-उतरा. उतरताना गुडघा दुखतो, म्हणून खुर्चीवर बसून-उठून मांडीला बळ द्या, रोज दहा-दहाचे तीन फेरे.

पाचव्या आठवड्यात आम्ही औरंगाबादच्या बुद्धलेणीला गेलो. वंदना झाली, पायऱ्यांची चढणही झाली. ज्यांना तिथे फार त्रास झाला त्यांनी स्वतःच कळसूबाईचा बेत पुढे ढकलला. यात कमीपणा नाही.

तंबाखू, गुटखा, बिडी यांचा इथे थेट संबंध आहे. बिडीच्या धुराने रक्तातल्या प्राणवायूची जागा अडते. सहा आठवडे सोडून बघा, फरक पहिल्याच जिन्यावर कळेल. दारूबद्दल वेगळे सांगायला नको, पंचशील सर्वांनी घेतलेले आहे.

वाटाड्या आणि चढण्याचा दिवस

रात्रभर गाडीत बसून पहाटे चढायला लागू नका. झोप न झालेले शरीर घसरते, आणि झोप न झालेला ड्रायव्हर त्याहून धोक्याचा. आम्ही दुपारी नाशिकला त्रिरश्मी लेणी पाहिली, घोटीमार्गे बारीला पोहोचलो आणि गावातल्या घरीच मुक्काम केला. भाकरी, पिठले तिथेच मिळाले.

गावातला वाटाड्या घ्याच. पैसे आधी ठरवा. पावसाळी दिवसांत धुके दहा मिनिटांत उतरते आणि पुढचा माणूस दिसत नाही. कोणता दगड शेवाळलेला आहे, शिडीवर कधी थांबायचे, ढग कुठे चालले आहेत, हे त्याला कळते. सोबत आलेल्या पोराने आमची गिनती तीन वेळा केली. शनिवार-रविवारी आणि नवरात्रात शिड्यांवर फार गर्दी होते, म्हणून मधला वार निवडा. मुसळधार पाऊस, विजा असतील तर परत फिरा.

त्रिसरण-पंचशील घेऊन उजाडताच निघा. सर्वांत हळू चालणारा माणूस पुढे, दणकट माणूस शेवटी. अर्ध्या तासाने पाच मिनिटे थांबा. माणशी तीन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, शेंगदाणे, गूळ, चपाती-भाजी घ्या. चप्पल नको, खाच असलेले बूट हवेत. साडी नेसणाऱ्या ताईंनी त्या दिवशी सलवार घालावी, शिडीवर पदर अडकतो. प्लास्टिक आणि उरलेले खाणे परत आणा.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, चक्कर, बोलताना अडखळणे, यातले काही झाले तर चढणे तिथेच बंद. माणसाला बसवा, एकटे सोडू नका, वाटाड्याकरवी गावात कळवा आणि १०८ ला फोन लावा.

लेहला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्यातले काही जण बुद्धविहार पाहायला लडाखला जातात. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे, तिथे हवा समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच असते. विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस फक्त विश्रांती. डोके दुखणे, मळमळ, झोप न येणे ही लक्षणे दिसली तर आणखी वर जाऊ नका. वाढली तर लगेच खाली उतरा. बसल्या जागी धाप लागली, तोल गेला तर तो जिवाचा धोका आहे. कळसूबाई चढलो म्हणून लेह सोपे जाईल, असे समजू नका.

यंदा सप्टेंबरला जायचे असेल तर वस्तीतल्या आशाताईंना जुलैतच भेटा आणि विहारात नावे घ्या. डोंगराला जाणे झाले नाही तरी चालेल, घरातल्या प्रत्येक बाईचे रक्त मात्र तपासून घ्या.

जय भीम.