तक्रार कुणी करायची?

मिरवणुकीच्या रात्री आमच्या मांडणीवरचे स्टीलचे पेले किणकिणू लागतात. खिडक्या लावून घेतल्या की गाण्याचे शब्द बाहेर राहतात, पण ठोके आत येतातच. आधी काचेत, मग भांड्यांत, मग छातीत. खालच्या मजल्यावरच्या आजी कानात कापूस घालून पलंगावर बसून असतात. झोप लागणार नाही हे त्यांना ठाऊक असतं.

एकदा मी न राहवून खाली गेलो. मंडळातला ओळखीचा मुलगा पुढे आला, जवळजवळ ओरडूनच म्हणाला, "काका, वर्षातून एकदाच तर असतं!" मुलगा वाईट नाही. याच आजींना पहाटे तीनला दम लागला तेव्हा त्यांना खुर्चीसकट उचलून दोन जिने उतरवणाऱ्या चौघांत तो होता. मी परत वर आलो.

'वर्षातून एकदाच' हे ज्याच्या त्याच्यापुरतं खरंच असतं. गणपती, नवरात्र, जयंत्या, लग्नसराईतली हळद, कुणा भाऊंचा वाढदिवस, 31 डिसेंबर. वाजवणाऱ्याचा एक दिवस. ऐकणाऱ्याच्या वाट्याला सगळेच. रोजचे भोंगे तर यात धरलेलेच नाहीत.

माझ्या आनंदाची हद्द कुठे संपते, यावर आपण वाद घालत बसतो. आवाजाच्या बाबतीत ती हद्द आकड्यांत आखून दिलेली आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये यामागची घटनात्मक बाजूही स्पष्ट केली. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य घटनेने दिलं आहे. नको असलेलं दुसऱ्याला बळजबरीने ऐकवण्याची मुभा त्यात नाही. आपल्या घरात निवांत राहणं हाही जगण्याच्या हक्काचाच भाग. ध्वनिक्षेपक हे कुठल्याच धर्माचं अत्यावश्यक अंग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं आणि 2025 मध्ये पुन्हा सांगितलं.

डेसिबलचा हिशोब मात्र आपल्या अंदाजाला चकवतो. 45 आणि 95 म्हणजे जेमतेम दुप्पट, असं वाटतं. पण या मोजपट्टीवर दहाची वाढ म्हणजे तीव्रता दहापट. 45 वरून 95 वर गेलं की ती एक लाख पट झालेली असते. 'थोडा कमी करतो' म्हणत बटण जरासं फिरवलं जातं, तेव्हा आजींना फरक का पडत नाही, ते यावरून कळावं.

त्यात डॉल्बीची आणखी एक मेख आहे. (त्या नावाच्या कंपनीचा आपल्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींशी काही संबंध नाही, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.) नियमातलं मोजमाप माणसाच्या कानाला धरून केलेलं आहे. खर्जातले आवाज कानाला कमी ऐकू येतात, म्हणून यंत्र त्यांना वजाही जास्त करतं. 50 हर्ट्झच्या ठोक्यातून तर सुमारे 30 डेसिबल वजा होतात. नेमका हाच ठोका भिंती भेदून येतो आणि पेले हलवतो. म्हणजे यंत्रावर दिसणारा आकडा पेल्यांची हकिकत पुरती सांगतच नाही. नियमातली ही उणीव आहे, असं माझं मत.

पण खरी अडचण आकड्यांची नाही. मुंबईत सुमेरा अब्दुलअली यांच्या आवाज फाउंडेशनने वर्षानुवर्षं यंत्र हातात धरून सणांचे आवाज मोजले. असं उभं राहणारी माणसं किती निघणार? बाकीच्यांसाठी नियम जागा होतो तो कुणी फोन केला तर. आणि फोन करणाऱ्याला उद्या त्याच गल्लीतून दूध आणायला जायचं असतं. पोलीस आले आणि 'तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तक्रार केली' एवढं मंडळाला कळलं, की मग आजींची खुर्ची उचलायला कोण येणार, ही भीती खोटी नाही. मी त्या रात्री परत वर आलो तो सौजन्याने नव्हे.

जानेवारी 2025 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने याच दुखण्यावर बोट ठेवलं. कुर्ला-चुनाभट्टी भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर न्यायालयाने पोलिसांना सांगितलं की, तक्रारदाराची ओळख पडताळत न बसता कारवाई करा, आणि ओळख कळली तरी ती समोरच्याला सांगू नका. निकालातला हा भाग बातम्यांत कोपऱ्यात गेला, भोंग्यांचा राजकीय गलबला तेवढा वर आला.

मंडळाच्या मुलांशी आधी बोलावं, तेही मिरवणुकीच्या रात्री नव्हे, वर्गणी मागायला येतात तेव्हा. यंदा मी तेच करणार आहे. ऐकलं तर उत्तमच. नाही ऐकलं, तर 112 वर फोन करावा आणि पोलिसांनी नाव विचारलं तर त्यांना या निकालाची आठवण करून द्यावी.