संगणक डोमेनला जोडला जात नाही? आधी डीएनएस तपासा

समजा, कार्यालयात नवा संगणक आला. केबल जोडली, इंटरनेट सुरू झाले, सर्व्हरचा आयपी पत्ता पिंग केला तर उत्तरही आले. पण डोमेनचे नाव टाकून ओके केले की संदेश येतो : या डोमेनच्या डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही. मग कोणी केबल बदलतो, कोणी फायरवॉल बंद करतो, तर कोणी विंडोजच नव्याने टाकतो. दोष मात्र अनेकदा डीएनएसच्या एका ओळीत असतो.

पिंग चालते, मग अडते कुठे?

डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा. विंडोज २००० सोबत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली, तेव्हापासून डोमेन कंट्रोलर शोधण्याचे काम मुख्यतः डीएनएसवर चालते. संगणक आधी विचारतो, "या डोमेनची सेवा कोणता सर्व्हर देतो?" त्याचे उत्तर एसआरव्ही प्रकारच्या नोंदींत असते. डोमेन कंट्रोलरवरील नेटलॉगऑन सेवा या नोंदी डीएनएसमध्ये करते. पिंगला त्यांची गरजच नसते.

नेहमीची चूक

राउटरकडून संगणकाला इंटरनेट कंपनीचा किंवा ८.८.८.८ सारखा सार्वजनिक डीएनएस मिळतो. त्याला कार्यालयातले खासगी डोमेन ठाऊक नसते. काही जण पहिला पत्ता कार्यालयाचा आणि दुसरा "असू दे" म्हणून सार्वजनिक देतात. तेही धोक्याचे. पहिला सर्व्हर क्षणभर गप्प राहिला की विंडोज दुसऱ्याला विचारते. "असे नाव नाही" हे त्याचे उत्तर खरे मानले जाते आणि पहिल्याला पुन्हा विचारले जात नाही. मग लॉगिन कधी होते, कधी अडकते.

क्रमाने काय तपासावे?

(आज्ञा रोमन लिपीतच टंकाव्यात.)

१. "आयपीकॉन्फिग /ऑल" चालवून डीएनएस सर्व्हर पाहावा. तिथे फक्त कार्यालयातील, म्हणजे बहुधा डोमेन कंट्रोलरचाच, पत्ता हवा.

२. "एनएसलुकअप" मध्ये प्रकार एसआरव्ही ठेवून "_एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस." आणि पुढे डोमेनचे पूर्ण नाव द्यावे. डोमेन कंट्रोलरचे नाव आले पाहिजे.

३. पत्ता बरोबर असूनही नोंद नसेल, तर डोमेन कंट्रोलरवर नेटलॉगऑन सेवा पुन्हा सुरू करावी.

४. दुरुस्तीनंतर संगणकावर "आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस" चालवावे. नाहीतर जुने चुकीचे उत्तर काही काळ टिकते.

५. जोडताना डोमेनचे छोटे नाव न देता पूर्ण नाव द्यावे.

मग इंटरनेटचे काय?

सार्वजनिक डीएनएस काढला तर इंटरनेट बंद पडेल, ही भीती असते. त्यासाठी कार्यालयाच्या डीएनएस सर्व्हरवर फॉरवर्डर नेमावा. बाहेरची नावे तो स्वतः विचारून आणतो. डीएचसीपीमध्येही हाच पत्ता भरला, की पुढच्या संगणकाला हा त्रास होत नाही.