जैविक कीडनियंत्रण : गिनी कोंबडीपासून मित्रकीटकांपर्यंत

परसात मोकळ्या सोडलेल्या गिनी कोंबड्या टोळ, वाळवी, भुंगेरे, गोचीड असे मिळतील ते कीटक टिपून खातात. मूळचा आफ्रिकेतील हा पक्षी काटक असून, इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे कादंबरी, चितंबरी व श्वेतांबरी हे प्रकार विकसित केले आहेत. रसायनांशिवाय कीड आटोक्यात ठेवण्याचा हा सुलभ मार्ग होय. तथापि पक्षी उपद्रवी व उपकारक कीटक असा भेद करीत नाही; शिवाय उंच उसाच्या पानांखाली दडलेल्या माव्यापर्यंत त्याची चोच पोहोचत नाही. अशा किडींसाठी नेमका शत्रू शोधावा लागतो. या शोधाचे देशातील प्रमुख केंद्र बंगळुरूमधील हेब्बाळ येथे आहे.

हेब्बाळचे केंद्र

भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1977 मध्ये जैविक नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू केला. त्यातून 1993 मध्ये जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय स्थापन झाले. 2009 मध्ये त्यास राष्ट्रीय ब्यूरोचा दर्जा मिळाला आणि 2014 पासून ही संस्था राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या नावाने ओळखली जाते.

लोकरी माव्याचा धडा

2002 मध्ये सांगली जिल्ह्यातील उसावर लोकरी माव्याचा मोठा उद्रेक झाला व तो लवकरच कर्नाटकातही पसरला. ही कीड पानांतील रस शोषते. तिच्या मधासारख्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि उत्पादन घटते. दाट, उंच उसात फवारणी करणे अवघड असते आणि केलेल्या फवारणीने किडीचे शत्रूही मरतात. शेतकऱ्यांपुढील हा पेच मित्रकीटकांनी सोडविला. डिफा (कोनोबाथ्रा) या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हे परभक्षी कीटक माव्यावर उपजीविका करतात. त्यांची वाढ करून ते प्रादुर्भावग्रस्त शेतांत सोडण्यात आले. एन्कार्सिया हा परजीवी कीटकही ईशान्य भारतातून आणण्यात आला.

परदेशी कीड, परदेशी शत्रू

पपईवरील पिठ्या ढेकूण ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील कीड 2008 मध्ये कोइंबतूर येथे आढळली. पपईबरोबरच तुती व टॅपिओका या पिकांनाही तिची झळ बसली. अंगावरील मेणचट आवरणामुळे कीटकनाशकांचा तिच्यावर पुरेसा परिणाम होत नव्हता. येथे तिचा प्रभावी शत्रू नसल्याने 2010 मध्ये पोर्टो रिको येथून ॲसिरोफॅगस पपायी हा परजीवी कीटक व अन्य दोन प्रजाती हेब्बाळ येथे आणण्यात आल्या. आवश्यक चाचण्यांनंतर त्या शेतांत सोडण्यात आल्या. त्यांपैकी ॲसिरोफॅगस सर्वाधिक यशस्वी ठरला व कीड आटोक्यात आली.

तीन पद्धती

या उदाहरणांवरून जैविक नियंत्रणाच्या पद्धती स्पष्ट होतात. परदेशी किडीसाठी तिच्या मूळ प्रदेशातून शत्रू आणणे ही आयात पद्धती. प्रयोगशाळेत मित्रकीटक वाढवून वेळोवेळी शेतात सोडणे ही वृद्धी पद्धती. आणि शेतात असलेल्या मित्रकीटकांना जपणे ही संवर्धन पद्धती होय. ट्रायकोग्रामा या अंडी-परजीवी कीटकाची ट्रायकोकार्डे उसात लावणे हे वृद्धी पद्धतीचे परिचित उदाहरण आहे.

या तीनही पद्धतींचे यश शत्रूच्या योग्य निवडीवर अवलंबून असते. केवळ नेमून दिलेल्या किडीवर जगणारा शत्रू उपकारक कीटकांना धक्का लावीत नाही. म्हणूनच आयातीपूर्वी त्याची कसून चाचणी घेतली जाते. मात्र हा उपाय फवारणीप्रमाणे तात्काळ परिणाम दाखवीत नाही. मित्रकीटकांची संख्या वाढेपर्यंत रासायनिक फवारणी टाळण्याचा संयम शेतकऱ्याने ठेवला, तरच त्यांचा लाभ मिळतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील संशोधनाइतकेच शेतकऱ्यांपर्यंत योग्य माहिती पोहोचविणेही महत्त्वाचे आहे.