मेक्सिकोच्या आखातातील प्रवाळबाग
टेक्सासच्या प्लेनो शहरातील आम्हा मराठी मंडळींना समुद्र दूर वाटतो. परंतु टेक्सासच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, मिठाच्या घुमटांनी उचललेल्या सागरतळावर, ‘फ्लॉवर गार्डन बँक्स’ हे प्रवाळांचे अभयारण्य १९९२ पासून नांदत आहे, आणि २०२१ मध्ये त्याची हद्द ५६ वरून १६० चौरस मैलांपर्यंत वाढविण्यात आली.

तेथे गळाने मासे धरण्याची मुभा असली, तरी तळ खरवडणाऱ्या जाळ्यांस व नांगर टाकण्यास मनाई असून, नौका बांधण्यासाठी कायमचे बोये बसविले आहेत. कारण शतकानुशतके वाढलेला प्रवाळ नांगराच्या एका घावाने क्षणात भंगतो. उपद्रवी, परकीय लायनफिशही पाणबुडे वेचून काढतात.

आपल्या महाराष्ट्रातील मालवणचे सागरी अभयारण्यही १९८७ चे; तेथील प्रवाळांसाठीही मच्छीमार बांधवांच्या संमतीने असाच चोख बंदोबस्त व्हावा, ही अंतःकरणपूर्वक इच्छा!