घरच्या घरी बजरीगर पोपटांचे संगोपन

आळेफाटा परिसरात हिरवा पोपट सर्वांच्या परिचयाचा आहे. मका, डाळिंब व द्राक्षांवर त्याचे थवे उतरतात आणि जुन्या झाडांच्या ढोलीत तो घरटे करतो. ढोलीतील पिल्ले काढून पिंजऱ्यात वाढविण्याची हौस अनेकांना असते. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हा पक्षी पकडणे, विकणे किंवा घरात पाळणे गुन्हा आहे. पिकाचे रक्षण जाळी लावून करावे आणि पक्षी पाळण्याची हौस बजरीगर पाळून भागवावी.

बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियातील सुमारे १८ सें.मी. लांबीचा लहान पोपट. जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला व तेथून त्याची पैदास जगभर पसरली. आपल्याकडे दुकानदार त्यालाच 'लव्ह बर्ड' म्हणतात. खरा लव्ह बर्ड आफ्रिकेतील वेगळा पक्षी आहे.

जोडीची निवड
पूर्ण वाढलेल्या नराच्या नाकपुड्यांभोवतीची कातडी निळी, तर मादीची तपकिरी असते. पांढऱ्या व पिवळ्या जातींत नराची ही कातडी गुलाबी-जांभळट राहते. नर-मादी किमान १० ते १२ महिन्यांची व एकमेकांच्या नात्यातील नसावीत. नवीन पक्षी महिनाभर वेगळे ठेवावेत.

पिंजरा
एका जोडीसाठी ६० सें.मी. लांब, ४० सें.मी. रुंद व ४० सें.मी. उंच पिंजरा घ्यावा. तारांतील अंतर सव्वा सें.मी.पेक्षा जास्त नसावे. पिंजरा हवेशीर जागी, परंतु दुपारचे ऊन, हिवाळ्यातील थंड वारे, चुलीचा धूर आणि मांजर, उंदीर, साप यांपासून दूर असावा. कोंबड्यांच्या खुराड्याजवळ तो ठेवू नये.

आहार
बाजरी व राळा हे मुख्य खाद्य. एका पक्ष्याला दिवसाला सुमारे दोन लहान चमचे धान्य पुरते. सोबत धुतलेली कोथिंबीर, मेथी व चुन्यासाठी समुद्रफेन द्यावे. पाणी रोज बदलावे.

येथे शेतकऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतील उरलेली बाजरी पक्ष्यांना कधीही घालू नये. त्या बियाण्यास बुरशीनाशक वा कीटकनाशक चोळलेले असते. धुतल्याने ते पूर्ण निघत नाही. फवारणी झालेल्या शेतातील पालाही देऊ नये. अॅव्होकॅडो या पक्ष्यांना विषारी आहे.

वीण
१५ सें.मी. लांब-रुंद व २० ते २५ सें.मी. उंच लाकडी पेटी किंवा तेवढेच मडके टांगावे. त्याला ४ ते ५ सें.मी.चे भोक असावे. तळ मध्यभागी खोलगट असावा, म्हणजे अंडी घरंगळत नाहीत. गवत घालण्याची गरज नाही. अनेक जोड्या एकत्र असल्यास जोड्यांपेक्षा एक-दोन मडकी जास्त टांगावीत व सुटी मादी ठेवू नये. अन्यथा भांडणात अंडी फुटतात.

मादी एक दिवसाआड एक याप्रमाणे ४ ते ६ अंडी घालते. सुमारे १८ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. अंडी एकाच दिवशी उबत नाहीत, त्यामुळे पिल्ले लहानमोठी दिसतात. या काळात उकडलेले अंडे कुस्करून द्यावे व उरलेले दोन तासांत काढावे. पिल्ले ३० ते ३५ दिवसांत घरट्याबाहेर पडतात. स्वतः दाणे टिपू लागल्यावरच, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांनी, त्यांना वेगळे करावे.

वर्षात दोनच विणी घ्याव्यात व नंतर मडके काढून घ्यावे. मडके कायम राहिल्यास मादी अंडी घालीतच राहते, तिच्या अंगातील चुना संपतो आणि अंडे अडकून ती दगावते. कडक उन्हाळ्यात वीण घेऊ नये.

रोग
पिसे फुलवून तळाशी बसलेला पक्षी आजारी समजून लगेच वेगळा करावा, ऊब द्यावी व पशुवैद्यकास दाखवावा. चोचीभोवती पांढरी खपली दिसल्यास तो सूक्ष्म गोचिडांचा प्रादुर्भाव असतो. पिंजरा झाडताना विष्ठेची धूळ उडू नये म्हणून आधी पाणी शिंपडावे. पोपटांचा एक रोग माणसांनाही होतो. ताप व खोकला आल्यास घरी पक्षी असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

एका जोडीपासून वर्षात ८ ते १० पिल्ले मिळू शकतात. जागा व ग्राहक यांची खात्री करूनच जोड्या वाढवाव्यात. जास्तीचे पक्षी रानात सोडू नयेत. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी कावळे व शिक्रा यांच्या तावडीतून वाचत नाही.